तीन दांड्यांची गाडी आणि ऐकणारे मिस्त्री

जुनी जीप कधीच गप्प चालली नाही. कारखान्यातून नवीकोरी बाहेर पडली तेव्हासुद्धा तिच्या पोटातून एक बारीक ‘गुंईं’ येत असे. तो आवाज बिघाडाचा नव्हता, बनावटीचा होता. या गाडीत आवाज आहे की नाही, असा प्रश्न जीपच्या मिस्त्रीला कधी पडलाच नाही. कोणता आवाज तिचा स्वतःचा आणि कोणता नंतर लागलेला, एवढंच त्याला ठरवायचं असे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, आणि त्याआधी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका गॅरेजात हात काळे केले. दोन्हीकडे एक समजूत पक्की रुजलेली होती: चांगल्या मिस्त्रीला ‘कान’ असतो, तो उपजत असतो, शिकवून येत नाही. मला हे कधीच पटलं नाही. तो कान या गाडीच्या रचनेनं घडवला. पायरीपायरीनं, कारणासकट घडवला. त्याचा इतिहास कुणी मांडत नाही म्हणून मी मांडतो आहे.

रचनेपासूनच सुरुवात करावी लागेल. १९४० साली युरोपात युद्ध पेटलेलं असताना अमेरिकी लष्करानं हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा काढली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम कंपनीनं कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी तो नमुना मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत पोहोचता केला. पुढे विलिस आणि फोर्ड यांनीही आपापले नमुने दिले. बार्नी रूस यांनी सुधारलेल्या साठ अश्वशक्तीच्या इंजिनामुळे विलिसची सरशी झाली, आणि युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या.

एवढ्या घाईत सगळं नव्यानं घडवायला कुणाला सवड होती? बाजारात होतं ते उचललं गेलं. गिअर बॉक्स वॉर्नर कंपनीचा टी-८४, हलक्या मोटारींच्या जातीचा, तीन गिअरचा. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी रचना; पहिला आणि रिव्हर्स मात्र सरळ दातांचे. सरळ दात अख्ख्या रुंदीनं एकदम एकमेकांवर आपटतात, म्हणून जीप मागे घेताना ती किंचाळायचीच. तिरप्या दातांत प्रत्येक जोडी एका टोकाकडून हळूहळू धरत जाते, म्हणून ते शांत. गिअर बॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस जोडलेला, स्पायसर कंपनीचा मॉडेल १८. चारही चाकांना जोर वाटून द्यायचं काम त्याचं. ड्रायव्हरच्या हाताशी म्हणून तीन दांडे आले: एक गिअरचा, एक पुढची चाकं जोडायचा आणि एक हाय-लोचा, म्हणजे वेग की जोर ते निवडायचा.

या मॉडेल १८ मध्ये मागच्या आसाकडे जाणारा शाफ्ट मधोमध नव्हता, एका बाजूला सरकवलेला होता. त्यामुळे गिअर बॉक्समधून आलेला जोर सरळ मागे जाऊच शकत नाही. वरच्या गिअरकडून मधल्या गिअरकडे, मधल्याकडून बाजूच्या गिअरकडे, अशा दोन उड्या त्याला माराव्याच लागतात. गाडी टॉपमध्ये असो, फक्त मागच्या चाकांवर असो, सपाट डांबरी रस्त्यावर असो, मधला गिअर सदानकदा ओझ्याखाली. नंतरच्या काळात अमेरिकेत आलेल्या मॉडेल २० मध्ये हायमध्ये जोर सरळ आरपार जाऊ लागला आणि तो ट्रान्सफर केस एकदम शांत झाला. आपल्याकडच्या जीपमध्ये मात्र दशकानुदशकं मॉडेल १८ च राहिला. म्हणून आपल्याकडच्या मिस्त्रीचा कान त्या मधल्या गिअरवर तयार झाला.

हा मधला गिअर ज्या दांडीवर फिरतो ती सुरुवातीला पाऊण इंच जाडीची होती. कारखान्याला तिची कुवत लवकरच कळली असावी, कारण युद्धानंतर ती एक पूर्णांक एक अष्टमांश इंच झाली आणि पन्नासच्या दशकात सव्वा इंच. एकाच भागाची जाडी दोनदा वाढते, तेव्हा त्या भागानं किती त्रास दिला हे वेगळं विचारावं लागत नाही.

जीपच्या आवाजावरून दोष शोधायची लेखी पद्धतही युद्धातच तयार झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकी लष्करानं जीपचं ‘टीएम ९-८०३’ हे पुस्तक काढलं. गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस आणि आस यांची उघडजोड सांगणारं ‘९-१८०३ बी’ हे वेगळं. शेतावरून थेट छावणीत आलेल्या पोराला थोडक्या काळात कामाला लावायचं, तर त्याला वर्षानुवर्षांचा अनुभव कुठून द्यायचा? म्हणून लक्षण, संभाव्य कारण आणि उपाय असे रकाने पाडले. आवाज येतो, गिअर निसटतो, गिअर पडत नाही. अशी मांडणी वर्कशॉप पुस्तकांत सर्रास दिसते. आमच्या संस्थेत फळ्यावर मी जो तक्ता काढत असे, त्याचं कुळ तेच.

भारतात ही विद्या दोन वाटांनी आली. एक लष्कराची. १५ ऑक्टोबर १९४३ रोजी भारतीय लष्करात विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांचं, म्हणजे ईएमईचं, वेगळं दल उभं राहिलं. खडकीला लष्कराचं मोठं बेस वर्कशॉप, नगरला चिलखती दलाचं केंद्र आणि वाहन संशोधनाची संस्था. पश्चिम महाराष्ट्रात वाहनांचं एवढं मोठं लष्करी बिऱ्हाड होतं. तिथून निवृत्त झालेले हवालदार, नाईक गावी परतले आणि त्यांतल्या कित्येकांनी गॅरेज टाकलं. सातारा-कोल्हापूर भागातल्या कित्येक गावांत घरटी एक माणूस फौजेत असायचा, त्यामुळे गॅरेजातही फौजी शिस्त दिसे: बोल्ट काढला की वाटीत, वाटी क्रमानं. लष्करानं लिलावात काढलेल्या जीपही त्याच वाटेनं बाहेर आल्या, आणि ज्या हातांनी त्या छावणीत उघडल्या होत्या त्याच हातांनी गावात पुन्हा उघडल्या.

दुसरी वाट मुंबईची. १९४५ मध्ये कैलासचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्यासह कंपनी काढली ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ची ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. त्याच सुमारास विलिसच्या जीप सुट्या भागांत बोटीनं येऊ लागल्या आणि माझगावला जोडल्या जाऊ लागल्या. मला माझगावचं महत्त्व फार वाटतं. गाडी आयती आली असती तर ती उघडायची भीती वाटली असती. इथे तिची ओळखच मुळी तुकड्यांतून झाली. पेटीतून काढून, ग्रीस पुसून, एकेक गिअर शाफ्टवर चढवणारे कामगार मुंबईत तयार झाले, आणि गावी, लालबाग-परळला किंवा पुढे कांदिवलीच्या कारखान्यात जाताना ती माहिती त्यांच्याबरोबर गेली. टी-८४ ची जागा एव्हाना जास्त दणकट टी-९० नं घेतली होती. १९५३ साली अमेरिकेत उंच बॉनेटची सीजे-३बी निघाली. अमेरिकेनं ती १९६८ मध्ये बंद केली, पण आपल्याकडे तीच बनत राहिली आणि पिढ्यांच्या नजरेत जीप म्हणजे ते उंच बॉनेट ठरून गेलं.

मग जीप सरकारची झाली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विकास गटाच्या कचेरीपुढे जीप उभी राहिली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तशा गटविकास अधिकाऱ्याच्या, म्हणजे बीडीओच्या, जीप तालुक्या-तालुक्यात दिसू लागल्या. मलेरियाच्या फवारणीला जीप, वनखात्याला जीप, पाटबंधाऱ्याला जीप, निवडणुकीला जीप, ऊस बघायला साखर कारखान्याची जीप. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामांवर अधिकारी फिरले ते जीपमधून. एवढ्या गाड्या, रस्ते कच्चे, आणि सुटे भाग मुंबईहून एसटीच्या टपावरून यायचे. गिअर बॉक्स उघडला आणि भाग मिळाला नाही तर गाडी महिना-महिना पडून. म्हणून उघडायच्या आधीच नेमकं काय गेलंय ते कळणं ही गरज होती. मिस्त्रीचं कौतुक व्हायचं ते झटपट उघडण्यासाठी नव्हे. न उघडता सांगण्यासाठी व्हायचं.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना सगळं उद्यमनगर आण्णा म्हणायचं. आण्णा एसटीच्या वर्कशॉपातून आलेले. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि त्यानंतर दापोडीसारख्या वर्कशॉपांनी महाराष्ट्राला जितके मेकॅनिक दिले तितके कुठल्याच शाळेनं दिले नसतील. आण्णांची तपासणीची रीत मी इथे जशीच्या तशी लिहितो, कारण ती लिहिलेली कुठे सापडत नाही.

साखर कारखान्याचा ड्रायव्हर गाडी लावायचा आणि म्हणायचा, “आण्णा, गाडी लई वराडतीया.”

आण्णा जागचे उठायचे नाहीत. “कवा वराडतीया? उभी असताना, का पळताना?”

“पळताना. आन् उभी असताना बी थोडी.”

“क्लच दाबल्यावर थांबतं का?”

ड्रायव्हर गप्प. त्यानं तसं कधी करून पाहिलेलं नसायचं. मग आण्णा उठायचे, पण आधी हातात पाना घ्यायचे आणि गाडीखाली सरकायचे. गिअर बॉक्सचा तेलाचा प्लग आणि ट्रान्सफर केसचा प्लग, दोन्ही उघडून करंगळी आत. हे आवाज ऐकण्याच्याही आधी. या दोन पेट्यांच्या मध्ये जी सील असते ती गेली की एका पेटीतलं तेल दुसऱ्या पेटीत उतरतं. ट्रान्सफर केस तुडुंब, गिअर बॉक्स कोरडा. कोरड्या गिअर बॉक्सचा आवाज कितीही नीट ऐकला तरी त्यातून काही शिकायला मिळत नाही, आधी तेल भरायचं. करंगळी बाहेर काढून ते तेल अंगठ्यावर चोळायचे आणि उन्हात धरायचे. पिवळी चकाकी दिसली तर सिंक्रोची पितळी रिंग झिजतेय. करडी, बोटाला कचकच लागणारी कणी दिसली तर पोलाद, म्हणजे दात किंवा बेरिंग.

त्यानंतर इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल, गाडी उभी. क्लचवर पाय नसताना गिअर बॉक्समधला इनपुट शाफ्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर खालचा काउंटर शाफ्ट. मेन शाफ्ट आणि त्याच्या पुढचं सगळं स्थिर. आता ‘घुर्र’ ऐकू आली आणि क्लच दाबताच ती मावळली, तर दोष या दोन शाफ्टच्या बेरिंगांत. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर गिअर बॉक्सला हात लावायचं कारण नाही, क्लचचं रिलीज बेरिंग वाजतंय. एका पायाच्या हालचालीत अर्धी गाडी संशयातून मोकळी व्हायची.

पुढची पायरी जीपमध्येच शक्य होती, साध्या मोटारीत नाही, आणि मला ती सगळ्यांत सुंदर वाटते. हाय-लोच्या दांड्याला मध्ये एक न्यूट्रल आहे. शेतीच्या जीपला मागे पीटीओ, म्हणजे इंजिनाचा जोर बाहेर काढणारी जोडणी, लावून मळणी यंत्र किंवा करवत चालवायची तर गाडी जागेवर राहून इंजिनाचा जोर बाहेर यायला हवा; ती जागा त्यासाठी कामाला यायची. आण्णांनी ती निदानासाठी वापरली. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये ठेवायचा, गिअर तिसऱ्यात टाकायचा आणि क्लच सोडायचा. गाडी जागची हलत नाही, पण आता गिअर बॉक्सचा मेन शाफ्ट आणि ट्रान्सफर केसचा मधला गिअर दोन्ही फिरू लागतात. मघाशी नसलेला आवाज आत्ता आला, तर तो या दोघांपैकी एकाचा. लांब पेचकसाचं टोक आधी गिअर बॉक्सच्या पाठीवर, मग ट्रान्सफर केसच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. जिथे आवाज जाडसर आणि जवळचा लागतो तिथे बेरिंग. छरे फुटलेलं बेरिंग पेचकसातून जात्यात खडे भरडावेत तसं ऐकू येतं. एकदा ते ऐकलं की दुसरं काही वाटूच शकत नाही.

नंतर याच्या उलट. गाडी उतारावर न्यायची, ट्रान्सफर केस न्यूट्रल, इंजिन मंद, आणि तशीच सोडून द्यायची. आता गिअर बॉक्स चाकांपासून तुटला. फिरताहेत ती चाकं, दोन्ही डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट आणि त्यांचे क्रॉस. ओरड तशीच राहिली तर ती या मंडळींची. मागची की पुढची? अमेरिकेत आर्थर वॉर्न या गृहस्थानं १९४८ मध्ये जीपसाठी असे हब काढले, की पुढची चाकं आसापासून सोडवता येत. आपल्याकडच्या बहुतेक जीपना ते नव्हते. त्यामुळे पुढचा दांडा काढलेला असला तरी पुढचा शाफ्ट आणि पुढचं डिफरन्शियल चाकांच्या ओढीनं फिरतच राहायचं, आणि पुढचा आवाज मागचा वाटायचा. उपाय एकच: पुढच्या शाफ्टचे बोल्ट काढायचे, शाफ्ट खाली उतरवून ठेवायचा आणि पुन्हा चक्कर मारायची.

एवढं झाल्यावर रस्त्यावरची परीक्षा. इथे आण्णा आकडे वापरत, पाटीवर न मांडता. सीजे जीपच्या आसाचं प्रमाण ५.३८, चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट पाच वेळांहून थोडा जास्त फिरतो. सोळा इंची टायरची जीप ताशी ४० किलोमीटरवर असेल तर चाक सेकंदाला साधारण पाच फेरे घेतं आणि शाफ्ट सत्तावीसच्या आसपास. सेकंदाला पाच ठोके कानाला सुटे-सुटे लागतात, सत्तावीस ठोके एकमेकांत मिसळून घोगरा सूर होतात. म्हणून ‘धक-धक-धक’ मोजता येत असेल तर चाकाच्या बाजूला बघायचं: व्हील बेरिंग, ड्रम, डिफरन्शियलमधल्या क्राउन गिअरचा एखादा तुटका दात. मोजता येत नसेल, नुसती घरघर असेल, तर शाफ्ट किंवा क्राउनला फिरवणारा पिनियन. क्रॉसच्या सुया कोरड्या पडल्या की अगदी सावकाश चालताना ‘किट-किट’ आणि क्लच सोडताना ‘टक्क’ असा एकच ठोका. तो ऐकला की गाडीखाली जाऊन शाफ्ट दोन हातांनी धरून पिळायचा. प्ले असेल तर हाताला लागतोच.

क्राउन-पिनियनचा सूर वेगळा. अ‍ॅक्सिलरेटर दाबून ओढताना ‘हूंऽऽ’ निघतो आणि पाय उचलताच विरतो, तर दातांची ओढायची बाजू खराब. पाय उचलल्यावरच सुरू होतो, तर मागची बाजू. दोन्ही वेळेला येतो तर पिनियनचं बेरिंग. डिफरन्शियल उघडल्यावर आण्णा क्राउनच्या चार-पाच दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचे आणि पिनियन हातानं फिरवायचे. शेंदूर जिथून पुसला जाई तो ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. ठसा टोकाला आला की शिम, म्हणजे पातळ चकती, बदलायची, पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवणं. दुपार जायची त्यात. ठसा मधोमध बसला की ते आम्हा पोरांना बोलावून दाखवत आणि मगच झाकण लावत.

टॉप गिअरचा कानमंत्र वेगळा सांगायला हवा, कारण माझ्या विद्यार्थ्यांना तो सर्वांत उशिरा उमजायचा. टी-९० मध्ये तिसरा गिअर सरळ आहे. इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, काउंटर शाफ्ट नुसता फिरत राहतो, त्याच्यावर ओझं नसतं. पहिल्या-दुसऱ्यात आवाज आणि तिसऱ्यात जवळजवळ शांत, तर काउंटर शाफ्टच्या सुया गेल्या. तिन्ही गिअरांत तसाच, फक्त गाडीच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा, तर गिअर बॉक्स सोडून ट्रान्सफर केसकडे वळायचं. तिथे सोय चांगली होती. मॉडेल १८ च्या तळाला पत्र्याचं झाकण असतं; ते काढलं की मधला गिअर समोर येतो. बोटांनी वर-खाली हलवून पाहिला की दांडी किती झिजलीय ते कळतं. ट्रान्सफर केसच्या मागचा हँडब्रेकचा ड्रम उतरवला की दांडी ठोकून मागच्या बाजूनं बाहेर काढता येते, अख्खी पेटी खाली घ्यावी लागत नाही. ज्यानं हे लक्षात ठेवून रचना केली, त्या अभियंत्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

घाटातल्या ड्रायव्हरांचा मोठा शत्रू मात्र आवाजाचा नव्हता. दुसरा गिअर निसटायचा. गगनबावडा किंवा आंबा घाट दुसऱ्यात उतरताना पाय उचलला की ‘खट्’, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि गाडी नुसत्या ब्रेकवर. त्या काळच्या ब्रेकवर. ड्रायव्हर गिअरचा दांडा गुडघ्यानं दाबून धरत किंवा जुन्या ट्यूबची पट्टी बांधून ताणून ठेवत. दांड्याची स्प्रिंग बदलून हे क्वचितच बरं व्हायचं. मेन शाफ्टचं मागचं बेरिंग झिजलं की शाफ्ट तिरपा होतो आणि ओझं सुटताच दात एकमेकांतून सरकतात. ज्या बेरिंगमुळे गिअर निसटतो तेच बेरिंग आधी कित्येक महिने घुरघुरत असतं. ती घुरघूर वेळेवर ओळखली असती तर घाटातले काही अपघात टळले असते, असं मी वर्गात दर वर्षी सांगत आलो.

फोर-व्हीलचा एक आवाज ड्रायव्हरच्या चुकीनं यायचा. मॉडेल १८ ला मधलं डिफरन्शियल नाही, पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट बांधले जातात. चिखलात चाक घसरतं, त्यामुळे चालून जातं. डांबरी रस्त्यावर वळण घेतलं की पुढच्या आणि मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत, ताण साठत जातो, दांडा निघता निघत नाही आणि शेवटी ‘धाड्’ करून सुटतो. आण्णा अशा वेळी गाडी थोडी मागे घ्यायला सांगत. ताण उलटा उलगडतो आणि दांडा दोन बोटांनी निघतो.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेट्रोल महागलं आणि जीपमध्ये डिझेल आलं. ट्रॅक्टरच्या जातीचं इंटरनॅशनलचं इंजिन आलं, नंतर फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यावर इगतपुरीला इंजिनं बनू लागली आणि १९८५ च्या सुमारास एमएम ५४० रस्त्यावर आली. मिस्त्रींची अडचण अशी झाली की डिझेलची खडखड बाकी सगळ्या आवाजांवर बसली. पेट्रोल जीपमध्ये सीटवर बसून जे ऐकू येई ते आता ऐकू येईना. उतारावर गाडी सोडून ऐकायची रीत तेव्हापासून जास्त वाढली, आणि ऐकताना मिस्त्री इंजिन पूर्ण बंद ठेवू लागले. गिअरही वाढले. केएमटी-९० आला, प्यूजोचा बीए-१० आला. जुन्या पेट्यांवर डिझेलचा जोर पडला की दात लवकर जात. विकणारे काही जण गिअर ऑइलमध्ये लाकडाचा भुसा मिसळून ओरड दाबत. चार दिवस गाडी मखमली चाले आणि मग बेरिंग जाम. हा प्रकार फसवणुकीचाच होता आणि त्यापायी कित्येक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले.

आमच्या ट्रेडला पाठ्यक्रमात गिअर बॉक्स उघडणं होतं, जोडणं होतं, ऐकणं नव्हतं. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली तेव्हापासून पाना, फाइल, मापन यांवर भर राहिला, आणि तो योग्यच होता. मी तासाच्या शेवटी वर्कशॉपातल्या जुन्या जीपवर मुलांना डोळे मिटून बसवत असे, एक जण क्लच आणि दांडे हलवी, बाकीच्यांनी काय फिरतंय ते सांगायचं. महिन्याभरात वर्गातला सर्वांत लाजरा मुलगाही बरोबर सांगू लागे. उपजत कानाच्या समजुतीला माझं एवढंच उत्तर आहे.

आज ही विद्या लागते ती वेगळ्याच लोकांना. जुन्या जीप हौसेनं नव्या करणारे तरुण पुण्या-मुंबईत, नाशकात, गोव्यात आहेत. हरियाणातल्या मंडी डबवालीहून किंवा दिल्लीच्या मायापुरीतून बांधून आलेल्या गाड्या ते घेतात. बाहेरून चकाचक, आतला गिअर बॉक्स एका गाडीचा, ट्रान्सफर केस दुसरीचा, आस तिसरीचा. अशा गाडीत आसाचं प्रमाण पुढे एक आणि मागे भलतंच निघालं तर फोर-व्हील लावताच सरळ रस्त्यावरसुद्धा ताण साठतो. दोन्ही शाफ्टवर खडूची खूण करून, गाडी सपाटीवर चाकाचा एक फेरा ढकलून, शाफ्टचे फेरे मोजले की हे पाच मिनिटांत कळतं. दुसरं, तेल. बाजारात सहज मिळणारं जीएल-५ जातीचं गिअर ऑइल डिफरन्शियलला उत्तम, पण त्यातली गंधकाची रसायनं टी-९० च्या पितळी रिंगला खाऊ शकतात. गिअर बॉक्सला जीएल-४ मागून घ्यावं. आणि सौदा ठरण्याआधी विकणाऱ्याकडून दोन्ही पेट्यांचे तळाचे प्लग उघडून घ्यावेत, स्वच्छ थाळीत तेल पाडावं. भुसा असेल तर दिसतो, कणी असेल तर बुडाशी बसते. त्यानंतर ताजं तेल भरून क्लच, न्यूट्रल, तिसरा, उतार या क्रमानं ऐकावं. मधल्या गिअरची बारीक ‘गुंईं’ येईलच. तेवढी आली तर गाडी घ्यायला हरकत नाही.